‘चकल’चा एक मार्क : खानापूर तालुक्यातल्या एका उत्तरपत्रिकेचं प्रकरण

वाक्य हे होतं : ‘माय ग्रँडफादर चकल्ड सो लाउडली दॅट द बफेलो ब्रोक द रोप.’ आजोबा इतक्या मोठ्यानं हसले की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. नववीच्या एफए-टूचा, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या चाचणीचा पेपर, घरातल्या आनंदाच्या प्रसंगावर दहा ओळी लिहा असा प्रश्न, मार्क चार. मुलाला तीन मिळाले. ‘चकल्ड’ (chuckled) आणि ‘लाउडली’ या दोन शब्दांखाली लाल रेघ, समासात प्रश्नचिन्ह आणि त्याच्या शेजारी उणे एक.

शाळा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. नाव देत नाही. जांबोटीपासून नंदगडापर्यंत अशा शाळा पुष्कळ आहेत. मुलं घरी मराठी बोलतात, कणकुंबीकडची काही कोकणीही बोलतात. बसची पाटी कन्नडमध्ये वाचतात, इंग्रजी वर्गात शिकतात आणि रात्री मोबाईलवर तिन्ही भाषांची भेळ करतात. तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मी रिसोर्स पर्सन म्हणून जातो, त्या ओळखीनं तिथल्या एचएम, म्हणजे मुख्याध्यापक सरांनी मला उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘सर, एका मार्काचं आहे, पण अर्ज आलाय. उत्तर तर द्यावं लागेल की.’

अर्ज बघितला आणि हे नुसतं मार्कांचं भांडण नाही हे लक्षात आलं.

अर्जात काय होतं

मुलाचा चुलत भाऊ बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मोबाईलवर ‘चकल’ची कुळकथा शोधली, तिचा प्रिंटआउट काढला आणि अर्जाला जोडला. मुद्दा असा : हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, तेव्हा त्याचा अर्थच मुळी मोठ्यानं हसणं असा होता. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध कोशातही ‘चकल’ म्हणजे जोरानं, अंग गदगदून हसणं असंच दिलंय. सबब, विद्यार्थ्याचं वाक्य मुळाबरहुकूम असून कापलेला मार्क परत मिळावा. खाली पालक म्हणून सही कुणाची, तर ज्यांच्या हसण्यावर वाद, त्या आजोबांचीच.

इंग्रजीच्या सरांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ‘आजची कुठलीही डिक्शनरी उघडा. चकल म्हणजे हळू हसणं, स्वतःशी हसणं. हळू हसल्यावर म्हैस कशाला दावं तोडंल?’ तरुण शिक्षक, तयारीचा माणूस, आणि तर्क बिनतोड. मुलाचं त्यांना कौतुकही होतं. ‘सो… दॅट’ची रचना अख्ख्या वर्गात यानं एकट्यानं चुकवली नव्हती, हे त्यांनी मला आपणहून सांगितलं.

दोन्ही बाजूंचे दाखले खरे. निवाड्याआधी शब्दाकडं नीट बघणं भाग होतं.

शब्दाचं कूळ

‘चकल’चं मूळ कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरनं एका कोंबड्याची गोष्ट लिहिली. त्या कोंबड्याला दाणा सापडला की तो ‘चक्’ करतो आणि त्याच्या सगळ्या बायका धावत येतात. ते ‘चक्’ म्हणजे नुसता कानावर पडलेला आवाज. त्याला व्युत्पत्ती नाही, संस्कृत नाही, लॅटिन नाही. कोंबडं जे बोललं ते माणसानं उचललं.

पुढं त्याला शेपूट लागलं. एखादी बारीक क्रिया पुन्हापुन्हा घडते तेव्हा इंग्रजी धातूच्या मागं ‘ल’ जोडते. ‘क्रॅक’ म्हणजे एकदा तडकणं, ‘क्रॅकल’ म्हणजे तडतडणं. ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी, ‘स्पार्कल’ म्हणजे चमचमणं. तसं ‘चक्’चं ‘चकल’ झालं : चक्, चक्, चक्. मराठी हेच काम दुसऱ्या रीतीनं करते, शब्दच दुणावते. खदखदा, खुदुखुदु, फिदीफिदी, खो खो. हे मी कुठल्याही वर्गात सांगितलं की मुलं ताबडतोब पाच-सहा शब्द आणखी देतात आणि त्यातले दोन तरी मला माहीत नसतात.

आता अर्थाकडं. भावाचा प्रिंटआउट खोटा नव्हता. जॉन्सनच्या काळात तुम्ही ‘चकल’ केलंत तर शेजारच्या घरात ऐकू जाई. पण एकोणिसावं शतक लागता लागता शब्दाचा आवाज उतरला, हसू घशात गेलं. आज ‘चकल’ करणारा माणूस तोंड फारसं उघडत नाही, त्याला जे गमतीचं वाटलं ते दुसऱ्याला कळावं असा त्याचा आग्रह नसतो, बऱ्याचदा तो एकटाच वर्तमानपत्र वाचत असतो. खुराड्यातलं ते ‘चक्’ शब्दात अजून आहे, फक्त बंद ओठांआड.

‘चकल’ची भावंडं बघितली की चित्र आणखी स्पष्ट होतं. ‘गिगल’ बारीक आवाजाचं, पोरींच्या बाकावरचं, आपलं खिदळणं. ‘कॅकल’ पुन्हा कोंबडीचंच, अंडं घातल्यावर ती जो कलकलाट करते तो. कथेतल्या चेटकिणी बहुधा असंच हसतात. ‘गफॉ’ स्कॉटलंडकडून अठराव्या शतकात आलेला, मोठ्यानं हसण्याचा, तोंड उघडल्याशिवाय उच्चारताच येत नाही असा शब्द. आणि १८७१ साली लुईस कॅरल यांनी ‘चकल’ आणि ‘स्नॉर्ट’ यांची मोट बांधून ‘चॉर्टल’ हा नवाच शब्द केला. हसताना नाकातून फुर्र होतं तो. एका लेखकानं गंमत म्हणून घडवलेला शब्द कोशात जाऊन बसतो, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं.

खुद्द ‘लाफ’चंही असंच. त्याच्या स्पेलिंगमधल्या जी-एचनं आपली मुलं पिढ्यान् पिढ्या हैराण आहेत. पण जुन्या इंग्रजीत तिथं खरोखर एक आवाज होता, घशातून घासून येणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा. जर्मनमध्ये हसण्याला अजूनही ‘लाखन’च्या जवळपास म्हणतात. इंग्रजांनी कालांतरानं त्याचा ‘फ’ केला, स्पेलिंग मात्र जुनंच ठेवलं. म्हणजे खो खो, खदखदा, खिदळणं, खुदकन यांत जो ‘ख’ आहे, तो एके काळी त्यांच्याही हसण्यात होता. मराठी आणि इंग्रजीनं इथं एकमेकींकडून काही घेतलेलं नाही. हसताना घशातून हवा बाहेर पडते, ती सगळीकडं सारखीच पडते.

जुना दाखला चालतो का?

अर्जाचा खरा पेच इथं. शब्दाचा जन्माचा अर्थ सिद्ध झाला, तर आजचा वापर त्या आधारे बरोबर ठरतो का?

माझं मत स्पष्ट आहे : नाही. ‘राग’ हा शब्द घ्या. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. ‘अनुराग’मध्ये ते अजून दिसतं. म्हणून कुणी मराठीत ‘माझा तुझ्यावर फार राग आहे’ असं पत्र मुलीला लिहिलं आणि वर संस्कृत कोश दाखवला, तर लग्न जमणार नाही. लांब कशाला, आपल्या गावाचं नाव बघा. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारी कागदावर ते बेळगावी झालं, आपल्या तोंडात बेळगावच आहे. यांतलं कुठलं बरोबर यावर चहाच्या टपरीवर तास जाईल. पण खानापूर स्टँडवर कंडक्टरकडं वेणुग्रामचं तिकीट मागून बघा. मूळ खरं असलं तरी तिकीट निघत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या भावाच्या अर्जात फार ओळखीची वाटली. आपल्या सीमाभागात वाद झाला की माणूस आधी जुना कागद काढतो. राज्य पुनर्रचना १९५६ ची, महाजन आयोगाचा सीमाप्रश्नावरचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला २००४ मध्ये. इथलं शेंबडं पोरसुद्धा अमुक गाव पूर्वी कुणाचं होतं यावर बोलू शकतं. ज्याच्याकडं सगळ्यात जुना दाखला त्याचा हक्क, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. जमिनीच्या, गावाच्या वादात त्याचं काय करायचं ते करणारे करतील. शब्दाच्या बाबतीत ही पद्धत उपयोगी पडत नाही, कारण शब्दाचा सातबारा रोज वापरणाऱ्याच्या नावावर असतो आणि रोज बदलतो.

म्हणून जॉन्सनचा दाखला मी बाजूला ठेवला. अर्ज मात्र ठेवला नाही.

स्टाफरूममध्ये

शाळेत गेलो त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांनाच विषय माहीत झालेला होता. मराठीच्या सरांनी थेट भरतमुनींना बोलावलं. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांतून पाणी येतं, माणूस बरगड्या धरतो. ‘म्हैस दावं तोडते म्हणजे अतिहसितच,’ सर म्हणाले, ‘म्हणजे आजोबा अधम ठरले. हे अर्जात नको लिहायला.’

कन्नडच्या मॅडमनी डबा बाजूला सारून सांगितलं की त्यांच्याकडं स्मिताला ‘मुगुळ्नगे’ म्हणतात. मुगुळु म्हणजे कळी, नगे म्हणजे हसू. आणि मोठ्यानं हसणं म्हणजे ‘गहगहिसि नगु’. ‘त्यात बघा, तुमचा तो गफॉ आहे,’ असं म्हणून त्यांनी ‘गह’चा उच्चार करून दाखवला, तर शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत आली.

थट्टा सोडली तरी या गप्पांतून एक गोष्ट हाती लागली. भरतमुनी हसण्याची वर्गवारी माणसाच्या पायरीवरून आणि चेहऱ्यावरून करतात : दात दिसले का, डोळे मिटले का, अश्रू आले का. इंग्रजीतले हे शब्द मुळात आवाजावरून झालेत. आपले रोजच्या बोलण्यातले शब्दही तसेच. खदखदा आणि खुदुखुदु यांत फरक कळायला कोश लागत नाही, कान लागतो. ‘खुदुखुदु’ मोठ्यानं हसता येत नाही आणि ‘खदखदा’ ओठ मिटून हसता येत नाही.

वहीतलं पान

मग मी मुलाची वही मागितली. चूक का झाली याचं उत्तर उत्तरपत्रिकेत क्वचित असतं, वहीत बहुतेक वेळा असतं.

इंग्रजीच्या वहीत शब्दार्थांचं एक पान होतं, फळ्यावरून उतरवलेलं. डावीकडं इंग्रजी, मधे आडवी रेघ, उजवीकडं मराठी. लाफ – हसणे. स्माईल – स्मितहास्य करणे. गिगल – हसणे. चकल – हसणे. गफॉ – मोठ्याने हसणे, आणि गफॉवर फुली, बहुधा ‘परीक्षेला येणार नाही’ म्हणून. पाच शब्दांपैकी तिघांना एकच मराठी. ज्या भाषेत हसण्याला इतके शब्द आहेत त्या भाषेत आपण मुलाला ‘हसणे, हसणे, हसणे’ असं शिकवतो आणि नंतर त्यानं तिघांतला फरक का केला नाही म्हणून मार्क कापतो. हे या एकाच शाळेत होतं असं नाही; बाजारात मिळणाऱ्या गाइडांतही असंच असतं.

मुलाला विचारलं, ‘लाफ नको, गिगल नको, चकलच का घेतलंस?’

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘सर, आमचा आज्जा हसतोय तसंच वाटलं की ते. च्‌क, च्‌क.’

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. भावानं जॉन्सन शोधायच्या आधी मुलानं शब्द कानानं निवडला होता, आणि तो शब्द इंग्रजीत कानानंच घडलेला आहे. अर्थाची यादी तिथं कामाला आली नाही, तेव्हा त्यानं आवाजाचा आधार घेतला. भाषा शिकणाऱ्या पोराकडून याहून जास्त काय हवं?

आजोबा

अर्जावर सही असल्यानं आजोबांना बोलावणं आलं होतंच. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. ‘पोराला मार्क दिऊ नका एकादवेळेस, पण काय चुकलं त्ये सांगा,’ एवढंच ते म्हणाले. मी त्यांना निबंधात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. पुतणीच्या बाळाचं बारसं. पाळण्याशी आत्या वाकली, बाळाच्या कानात नाव सांगायची तिची पाळी, आणि ऐन वेळी ती नावच विसरली. तिनं बाळालाच हळूच विचारलं, ‘काय गं ठेवलंय तुझं नाव?’ मागं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

वाचता वाचता आजोबांना ते आठवलं आणि ते हसायला लागले. आधी ओठ मिटलेले, टॉवेल तोंडाला, खांदे हलताहेत, घशातून खरोखर ‘च्‌क, च्‌क’. दोनेक श्वास तसं चाललं. मग टॉवेल खाली आला आणि जे काही बाहेर पडलं त्याला ‘चकल’ म्हणता आलं नसतं. एचएम सरांच्या टेबलावरचा पेनस्टँड हलला असं मी म्हटलं तर ते अतिशयोक्तीत जाईल, पण शिपाई दारात येऊन उभा राहिला.

म्हणजे नातू निम्मा बरोबर होता. हसण्याची सुरुवात ‘चकल’, शेवट ‘गफॉ’. म्हैस बिथरली ती दुसऱ्या भागात.

निर्णय

शाळेला मी लेखी दोन गोष्टी दिल्या. पहिली : मार्क परत द्यावा, पण अर्जातल्या कारणासाठी नाही. त्या प्रश्नाच्या गुणतक्त्यात आशय, व्याकरण आणि वाक्यरचना एवढंच होतं. शब्दनिवडीला मार्क ठेवलाच नव्हता, तर तो कापता येत नाही. दुसरी : लाल रेघ तशीच राहू द्यावी, खाली ‘गफॉड’ लिहावं आणि मुलाला का ते सांगावं. लाल रेघ पुसली तर भावाच्या दाव्यावर शिक्का बसतो, की १७५५ चा अर्थ आजच्या पेपरात चालतो.

भावाचा फोन आला. त्याला मार्क मिळाल्याचा आनंद कमी आणि जॉन्सन नाकारल्याचा राग जास्त होता. ‘राग’ इथं मराठी अर्थानं. त्याचा एक प्रश्न रास्त होता : आजही इंग्रजीत ‘चकल्ड लाउडली’ लिहिलेलं सापडतं, त्याचं काय? सापडतं, खरं आहे. हळू हसणाराही अधूनमधून जरा मोठ्यानं हसतो. पण इथं वाक्यात ‘सो लाउडली’ नंतर एक म्हैस आहे. तिनं दावं तोडलं की ‘चकल’ला तिथं जागा उरत नाही. यावर त्यानं ‘हां, ते पण आहे म्हणा’ असं म्हणून विषय पदवीच्या परीक्षेकडं वळवला.

वर्गात काय केलं

इंग्रजीच्या सरांनी पुढच्या तासाला ते पान रद्द केलं आणि मुलांना आधी हसायला लावलं. मी मागच्या बाकावर होतो. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. सांगून हसणं नववीच्या पोरांना अवघड जातं. मग एकीला खरंच हसू फुटलं आणि पुढं थांबवणं कठीण झालं. फळ्यावर तीन रकाने केले : तोंड बंद, तोंड उघडं, नाकातून. प्रत्येक रकान्यात मुलांनी आधी मराठी शब्द भरले, कन्नड येत होतं तिथं कन्नड, आणि शेवटी इंग्रजी. ‘चकल’ पहिल्या रकान्यात गेला, ‘गफॉ’ दुसऱ्या, ‘स्नॉर्ट’ तिसऱ्या. ‘चॉर्टल’ पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही रकान्यांत लिहावा लागला, आणि तो खरोखर तिथलाच आहे. ‘खुदुखुदु’ आणि ‘फिदीफिदी’ एका रकान्यात नकोत यावर मुलींनी जोरदार वाद घातला : खुदुखुदु आपल्याला गंमत वाटली म्हणून, फिदीफिदी दुसऱ्याची फजिती झाली म्हणून. त्यावरून ‘स्निगर’चा अर्थ सरांना वेगळा सांगावाच लागला नाही.

‘गिगल’ कुठं घालायचा हे त्या तासाला ठरलं नाही. तोंड कधी उघडं, कधी हातानं झाकलेलं. आणि ‘स्मर्क’, म्हणजे कुत्सित हसू, तक्त्यात बसेना, कारण त्याला आवाजच नाही. सरांनी तो फळ्याच्या कडेला, ‘स्माईल’च्या खाली वेगळा लिहिला आणि एफए-थ्रीच्या पेपरासाठी गुणतक्त्यात शब्दनिवडीला अर्धा मार्क ठेवणार असल्याचं जाहीर केलं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ‘सर, अर्ध्या मार्काला अर्ज चालतो काय?’